घाम आटला

“मॅडम, घाम आटला जी.”

लटारू नन्नावरेंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नुकतीच पोचले होते आणि टेबलावरची राख फडक्याने पुसत होते. आमच्याकडे रोज सकाळचं पहिलं काम हेच. खिडक्या कितीही घट्ट लावा, रात्रीतून टेबलावर करड्या राखेचा पातळ थर बसायचाच.

“अरे वा,” मी म्हटलं. “पूर्ण आटला?”

“पूर्न. परवा बादली भराले अर्धा तास लागला. काल दिवसभर नाई भरली. आज थेंब नाई.”

“चांगलं झालं की, लटारूभाऊ.”

तिकडून काही वेळ नुसती खरखर आली. केंद्राच्या अंतर्गत फोनवर पलीकडचा माणूस बोलतोय की गप्प आहे, हे कधी कळायचं नाही. मग ते म्हणाले, “चांगलं?” आणि थोड्या वेळाने, “तुमी एकडाव येऊन पाहा ना जी.”

तो सोमवार होता. गुरुवारी येते म्हणून मी फोन ठेवला, रजिस्टर ओढलं, तारीख घातली आणि माझ्या तेव्हाच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पायथ्याचा पाझर पूर्ण बंद. स्थिती समाधानकारक.’

या गोष्टीला वीस वर्षं होत आली. केंद्राचं नाव सांगत नाही. पूर्व विदर्भातलं एक औष्णिक वीज केंद्र, एवढं पुरे. मी मेधा खानोलकर, मूळची वेंगुर्ल्याची, तेव्हा सव्वीस वर्षांची, कनिष्ठ अभियंता आणि जन्माची भित्री. झुरळाला भ्यायचे, साहेबाला भ्यायचे, अवेळी फोन वाजला तरी भ्यायचे. अशा बाईच्या ताब्यात केंद्राने राखेचं तळं दिलं होतं.

आपला कोळसा म्हणजे निम्मा दगड. शंभर पोती जाळली की चाळीस पोती राख मागे उरते. वीज तारेवर बसून मुंबई-पुण्याला निघून जाते. राखेला कोणी बोलावत नाही. मग ती पाण्यात कालवायची, सात किलोमीटर पाइपातून न्यायची आणि बंधाऱ्यामागे साठवत राहायची. राखेच्या एका पोत्यामागे दहा पोत्यांएवढं पाणी लागायचं. राख कोरडीच गोळा करून सिमेंटवाल्यांना द्यायची यंत्रणा तेव्हाही मिळत होती, पण तिची फाइल माझ्या आधीच्या दोन अभियंत्यांच्या काळापासून वरच्या मजल्यावर मुक्कामाला होती. तोवर तळं भरलं की बंधारा उंच करायचा, आणि उंच करायलाही त्यातलीच राख घ्यायची. राखेवर राख. मी रुजू झाले तेव्हा बंधारा तिमजली घराएवढा झाला होता.

त्याच्या पायथ्यापासून चारशे पावलांवर खैरटोली होती. अडतीस घरं. आमच्या राखेमुळे तिथल्या विहिरीच्या पाण्याला चुन्यासारखी चव आली होती, आणि दिवसाचे बारा तास तिथे भारनियमन असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथे रोज बघितला. लटारूभाऊ त्याच टोलीतले, पंचावन्नच्या घरातले, आणि बंधाऱ्याचे चौकीदार. बंधारा फुटला तर टोलीला पळायला पाच मिनिटंही मिळणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते तिथे झोपायचे. मी कॉलनीत झोपायचे, पण माझीही झोप काही धड नव्हती.

पायथ्याशी बंधाऱ्यातून पाणी झिरपायचं, त्याला लटारूभाऊ ‘घाम’ म्हणायचे. त्यांचं बघून सगळं केंद्र म्हणायला लागलं. ते पाणी वाहून न्यायला पायथ्याशी खणलेल्या चरीच्या तोंडाशी रोज सकाळी ते बादली लावायचे, किती वेळात भरली ते बघायचे. मग थोडं पाणी पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात धरायचे. पाणी स्वच्छ असलं तर ठीक, राखेचे कण आले तर बोंब मारायची. त्या वर्षी मार्च-एप्रिलात घाम वाढत गेला होता. माझे वरिष्ठ भोंगाडेसाहेब रोजच्या बैठकीत मलाच धारेवर धरायचे. “तुमचा बंधारा घामाघूम काहून झाला मॅडम?” असं विचारायचे आणि बाकीचे हसायचे.

त्यामुळे घाम आटल्याची बातमी मला देवाने पाठवल्यासारखी वाटली. आमच्या वेंगुर्ल्यात बारा महिने अंगाला घामाची चिकचिक. तिथे घाम आटला म्हणजे खाडीवरून वारा सुटला, जिवाला बरं वाटलं. याच्यापलीकडे त्या शब्दाचा काही अर्थ असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

भोंगाडेसाहेब वाईट माणूस नव्हते. खूश झाले, मला चहा पाजला आणि माझ्या रजिस्टरचं पान मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. मे महिना होता, राज्यभर विजेची मारामार होती आणि वरून रोज एकच निरोप यायचा, वीज बनवणारे दोन्ही संच चालू ठेवा. संच चालू म्हणजे राख चालू. तळं तर काठोकाठ भरत आलेलं. पाझर बंद आहे, बंधारा सुकला आहे, असं बघून मंगळवारी हुकूम निघाला की पाण्याची पातळी आणखी दोन फूट चढवायला हरकत नाही. हुकमाला आधार म्हणून माझी नोंद जोडली होती. मी ती प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. पहिल्यांदाच माझं काहीतरी वरपर्यंत गेलं होतं.

गुरुवारी साडेबाराला जीपने मला बंधाऱ्याजवळ सोडलं आणि ती पंपहाउसकडे गेली, तीनला परत येणार होती. सत्तेचाळीस डिग्री ऊन. ओढणी तोंडाला बांधून मी चौकीत गेले, तर चौकी उघडी आणि आत कोणी नाही. टेबलावर पांढरी थाळी पालथी घातलेली. लटारूभाऊ जागा सोडून कधी जायचे नाहीत, म्हणून मी टोलीत गेले. त्यांचं घर अगदी पहिलंच होतं.

आत अंधारात ते खाटेवर पडले होते. अंगावर ओलं लुगडं टाकलेलं, काखेत कांदे ठेवलेले. उशाशी त्यांची बायको भागरथाबाई वारा घालत बसली होती. सकाळी दहाच्या सुमाराला ते बंधाऱ्यावर पडले, दोघांनी उचलून आणलं, असं तिने सांगितलं. तीन दिवस दुपारचे घरी येतच नव्हते, भर उन्हात बंधाऱ्याच्या कडेने फिरायचे. विचारलं तर म्हणायचे, बांध बिमार आहे.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तापलेल्या तव्यासारखं, आणि ठणठणीत कोरडं.

“ऊन लागलं जी,” भागरथाबाई म्हणाली. “सकाळपासून घाम आटला ह्यायचा.”

ती ज्या आवाजात हे म्हणाली तो आवाज मी ओळखला. त्या दिवशी फोनवर असाच आला होता. मी विचारलं, “आटला म्हणजे काय होतं मावशी?”

तिने माझ्याकडे बघितलं. हे विचारावं लागतं, याचंच तिला नवल वाटलं असावं. “घाम येते तोवर माणूस आपला. घाम आटला का आतलं पानी बाहेर निघाले जागा रायत नाई, आतल्या आतच उकळते. मंग माणूस चालला समजाचं. इकडं शेंबड्या पोट्ट्यालेबी मालूम हाय.”

मी खाटेच्या कडेवर बसले. “त्यांनी मला सोमवारी फोन केला होता,” मी म्हटलं.

“मालूम हाय. मॅडम म्हने चांगलं झालं, असं सांगितलं ह्यायनं. म्हने, मॅडम शिकली-सवरली हाय, तिले आपल्यापेक्षा जास्त समजत असंल.” ती वारा घालत राहिली. “पन मन काई मानेना ह्यायचं.”

लटारूभाऊंचे डोळे अर्धवट उघडे होते. ओठ हलले. मी वाकून ऐकलं. ते म्हणत होते, काड्या पाहा.

मी बंधाऱ्याकडे पळत गेले. चर कोरडी पडली होती, तिच्या काठचं गवतही वाळलं होतं. पण उतारावर, जिथे कधी ओल दिसली नव्हती तिथे, चिंधी बांधलेल्या काड्या रोवलेल्या होत्या. पहिली माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरी कमरेएवढ्या, तिसरी डोक्याच्या वर. रोज ओल जिथवर चढली होती तिथे त्यांनी एकेक काडी रोवली होती. ओल तिसऱ्या काडीच्याही वर दोन हात गेली होती. चरीच्या आत बसवलेला खडीचा गाळणा राखेने बुजला असणार, एवढं मला आता कॉलेजातल्या पुस्तकासकट आठवलं. घाम थांबला नव्हता, कोंडला होता. आणि मी त्याच्यावर दोन फूट पाणी चढवलं होतं.

वर चढून बघावं म्हणून मी पाऊल टाकलं आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. ती माती नव्हती, घट्ट शिजलेल्या पिठल्यासारखं काहीतरी होतं. पाय ओढून काढला तेव्हा चप्पल आतच राहिली, आणि मी केलेल्या भोकातून हळूहळू करडं पाणी यायला लागलं. आयुष्यात मी खूपदा भ्याले आहे, पण ती भीती वेगळी होती. माझ्या आणि लाखो टन राखेच्या मधे एवढीच भिंत होती, आणि माझ्या पाठीमागे अडतीस घरं दुपारची झोपली होती.

चौकीत जाऊन फोन फिरवला. नंबर दोनदा चुकला. भोंगाडेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, सोमवारीच तर तुमी समाधानकारक लिहिलं.”

“चुकलं सर. पंप थांबवायला सांगा. राखेचं पाणी येणं आधी बंद करा.”

“पंप थांबले तं चार तासात संच थांबते. संच थांबला तं किती शहरं अंधारात जातील, माहीत आहे? वरून मला विचारतील, कायच्या भरवशावर थांबवला? तुमच्याच सहीचा कागद माझ्याजवळ आहे.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “उन्हाचं तुम्हाला काही झालं का? सावलीत बसा. तीनची बैठक आटपून मी स्वतः येतो.”

मी फोन ठेवला आणि सव्वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. पंपहाउसला फोन लावून शिफ्टवरच्या रायपुऱ्यांना सांगितलं, भोंगाडेसाहेबांचा हुकूम आहे, पंप ताबडतोब बंद करा. लेखी पाहिजे, ते म्हणाले. लेखी मागून येतंय, असं मी ठणकावून सांगितलं. माझा आवाज ऐकून मलाच नवल वाटलं. रायपुऱ्यांनी हो म्हटलं. लटारूभाऊंना दवाखान्यात न्यायला जीप इकडे पाठवा असंही सांगितलं, तर ती डिझेल भरायला गेली होती.

पंप थांबले तरी आत कोंडलेलं पाणी काही थांबणार नव्हतं. टोली रिकामी करायला हवी होती. मी दोन-तीन दारं वाजवली. पहाटे चारपासून तेंदूपत्ता तोडून आलेली माणसं मेल्यासारखी झोपली होती. एकाने दार उघडून विचारलं, फुटते म्हनता, कवा फुटते? मला सांगता येईना. पोरंबाळं घेऊन या उन्हात कुठे जायचं, असं त्याने विचारलं, आणि ते खोटं नव्हतं. ऊन माणूस मारत होतं, हे मी आत्ताच बघून आले होते. गेल्या वर्षीही असाच कोणी साहेब येऊन घाबरवून गेला होता म्हणे. त्याने दार लावून घेतलं.

मी रडत भागरथाबाईकडे आले. तिला सगळं सांगितलं. माझं काय चुकलं तेही सांगितलं की नाही, ते मला आज नीट आठवत नाही. बहुतेक नाही सांगितलं. कोणी माझं ऐकत नाही, एवढं मात्र सांगितलं.

तिने नवऱ्याच्या अंगावरचं लुगडं नीट केलं. मग म्हणाली, “तुमचं नाई ऐकत, माजंबी नाई ऐकनार. मयतीचं ऐकतील.”

मला कळलं नाही. तिने शेजारच्या घरातून दोन पुतण्यांना उठवून आणलं, खाट उचलायला लावली, खाट दाराबाहेर आली आणि तिने हंबरडा फोडला.

तसं रडणं मी आजवर ऐकलेलं नाही. नवरा जिवंत, छाती हलते आहे, आणि ही बाई रस्त्यावर ऊर बडवून त्याच्या नावाने शोक करते आहे. एका दारातून बाई आली, मग दुसऱ्या. खैरटोलीत सगळे एकमेकांचे नातलग. तिथली रीत अशी की मयत निघाली की घरात कोणी मागे राहायचं नाही. पुरुष स्मशानापर्यंत जायचे आणि बायका माळावरच्या विसाव्यापर्यंत. मोहाच्या चार झाडांखाली खांदेकरी मयत खाली ठेवतात, तिथून बायका परत फिरतात. घरी सोडायला मागे कोणी नाही, म्हणून पोरंही कडेवर. आंघोळ नाही, तिरडी नाही, खाटेवरूनच कसं काय नेता, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. भागरथाबाई आणखी मोठ्याने रडली. खाट थांबली नाही. खाटेमागे सगळी टोली चालायला लागली.

मी शेवटी राहून घरं मोजत होते. सदतीस दारं उघडी. अडतिसावं आतून बंद होतं.

ते घर रंजूचं होतं. बारा दिवसांची बाळंतीण. आतून ती म्हणाली की मयत पुढून चालली आहे, बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो, सासूने बजावून ठेवलंय. ज्या रडण्याने सगळं गाव बाहेर काढलं होतं त्यानेच तिला आत कोंडलं होतं. मी दारावर डोकं टेकून म्हटलं, “रंजू, ते जिवंत आहेत गं. मावशी खोटं रडतेय. बंधारा फुटतोय, पोराला आण बाहेर.”

कडी निघायला किती वेळ लागला असेल, अर्धं मिनिट असेल. मी तेवढ्यात चारदा बंधाऱ्याकडे बघितलं. माझा पाय गेला होता तिथे आता हाताएवढी धार लागली होती, आणि ती करडी होती. दार उघडलं. मी पोर घेतलं, तिचा दंड धरला आणि उरलेली चप्पल टाकून अनवाणीच पळाले. तळपाय भाजले ते घरी जाईपर्यंत कळलंही नाही.

आम्ही मोहाच्या झाडांपाशी पोचलो तेव्हा मागे ढग गडगडावा तसा आवाज झाला. बंधाऱ्याचा मधला भाग आधी खाली बसला. मग त्याच्यामागून राख आली, पाण्यासारखी नाही, जाडसर, सावकाश. पहिल्या घराच्या भिंतीला लागली आणि भिंत दिसेनाशी झाली. दावणीची गुरं ओरडत होती ती एकेक करून गप्प झाली. कोणी किंचाळलं नाही. अडतीस घरांचे एकशे सत्त्याण्णव लोक उभे राहून आपापलं छप्पर शोधत होते. सव्वादोन वाजले होते.

मी पुन्हा पुन्हा माणसं मोजत होते. सगळे होते. मी इतकी हलकी झाले की हसायला लागले, रंजूचं पोर छातीशी धरून खुळ्यासारखी हसत राहिले. मग माझं लक्ष खाटेकडे गेलं.

भागरथाबाई वारा घालायची थांबली होती. अर्धा मैल भर उन्हातून आणलेला तो माणूस विसाव्याच्या सावलीत कधी गेला, ते तिच्याशिवाय कोणालाच कळलं नव्हतं. बायका जवळ आल्या, एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली रड बाई, मोकळी हो. भागरथाबाईने नकारार्थी मान हलवली.

“माजं रडून झालं,” ती म्हणाली.

तळ्यातली राख नाल्यात गेली, नाल्यातून नदीत. दोन वर्षं नदी करड्या रंगाची वाहत होती, मासे गेले, काठची शेतं सिमेंट केल्यासारखी झाली. संच मात्र आठव्या दिवशी सुरू झाले आणि राख नव्या तळ्यात जायला लागली. टोलीला रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची घरं मिळाली. माझा फोटो वर्तमानपत्रात आला. भोंगाडेसाहेबांचा हुकूम म्हणून मी खोटं बोलले होते, ते भोंगाडेसाहेबांनीच आपल्या अंगावर घेतलं, हो, मीच सांगितलं होतं म्हणाले. त्यांचीही नोकरी वाचली.

चौकशी समिती ऑगस्टात मुंबईहून आली. अहवाल पुढे वर्षाने निघाला. त्यात कनिष्ठ अभियंत्यांच्या प्रसंगावधानाची प्रशंसा आहे. ‘जीवितहानी’ या शब्दापुढे ‘निरंक’ आहे, कारण लटारूभाऊ उष्माघाताने गेले, राखेने नाही. आणि एक ओळ अशी आहे की चौकीदाराकडून धोक्याची कोणतीही पूर्वसूचना प्राप्त झाली नव्हती.

ती ओळ कशी आली ते मला माहीत आहे. विश्रामगृहाच्या खोलीत तिघे बसले होते. चांगली माणसं होती, मला पाणी दिलं, घाबरू नका म्हणाले. शेवटी एकाने रजिस्टर पुढे ओढून विचारलं, चौकीदाराने तुम्हाला काही कळवलं होतं का?

“घाम आटला, असं कळवलं होतं,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

बंधाऱ्यात पाय रुतला तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते. तेव्हा मरणाची भीती होती. आता नोकरी, फोटो, वेंगुर्ल्याला आईने शेजाऱ्यांना वाटलेले पेढे, सगळं त्या एका शब्दाच्या अर्थावर उभं होतं. त्यांच्यातला एकही विदर्भातला नव्हता.

“म्हणजे पाझर थांबला,” मी म्हटलं.

“म्हणजे धोक्याची सूचना नाही.”

मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर भागरथाबाई बसली होती. तिलाही बोलावलं होतं, पण तिची पाळी काही आली नव्हती. मला बघून ती उभी राहिली आणि आत काय विचारलं ते तिने विचारलं. लटारूभाऊंनी आधी सांगितलं होतं का, असं विचारलं, मी म्हटलं.

“मंग तुमी काय सांगितलं?”

“ते जे म्हणाले तेच. घाम आटला.”

तिचा चेहरा निवळला. गेल्या तीन महिन्यांत मी तिला असं पहिल्यांदाच बघत होते.

“हो ना,” ती म्हणाली. “मंग त्यायले समजलं असंल.”

तिने पदर डोक्यावर घेतला आणि चारची बस चुकू नये म्हणून फाटकाकडे चालायला लागली. मी तिला हाक मारली नाही.